अकरा सेकंदांचे हात

आमच्या घरात तुळशीवृंदावन नाही, पण तुळशीच्या लग्नाची वाट आमच्याइतकी अख्ख्या जुन्नरात कुणी पाहत नसेल. ते एकदा लागलं की माणसांची लग्नं सुटतात, आणि माणसांची लग्नं सुटली की आम्हा मणियारांचा हंगाम सुरू होतो. यंदाही तसंच झालं. पेठेतून मांडववाल्यांचे टेम्पो जायला लागले, डोंगराकडच्या वाऱ्याला धार आली, आणि आमच्या खालच्या खोलीत पुठ्ठ्याची खोकी उघडली गेली. खोक्यात गवत, गवतात कागद आणि कागदात हिरव्या काचेच्या बांगड्या. त्या खोलीला या दिवसांत एक वास येतो, सुकल्या गवताचा आणि काचेच्या धुळीचा. मला तो वास आला की आपोआप गप्प व्हायला होतं, कारण लहानपणी या खोलीत बोलायची बंदी होती.

बंदी अम्मीची. ती बांगड्यांची जुडी कानाजवळ नेते आणि बोटाने टिचकी मारते. धड काच खणकते. जिला केसाएवढा तडा असेल ती बद्द बोलते. डोळ्याला दिसत नाही असा तडा अम्मीच्या कानाला कळतो, म्हणून ती ऐकत असताना कुणी भांडंही आपटायचं नाही. माझे अब्बा होते तेव्हा तेसुद्धा शेजारी बसून नुसते हातवारे करायचे. अब्बांना जाऊन बरीच वर्षं झाली. धंदा पहिल्यापासून अम्मीचाच होता. नवरीच्या हातात लग्नाचा चुडा भरायचा तर बाईचाच हात हवा, असं गावोगावच्या बायकांचं म्हणणं. डिंगोऱ्यापासून महाळुंगे पडवळपर्यंत कितीतरी घरांत आईचा चुडाही तिने भरला आणि लेकीचाही. चुडा भरून झाला की नवरी बांगडी भरणारीच्या पाया पडते. आमची अम्मी पाच वेळची नमाजी बाई, पण त्या क्षणी ती डोक्यावर हात ठेवून "अखंड सौभाग्यवती हो" असा भरघोस आशीर्वाद देते आणि परत येताना शिध्याचा नारळ माझ्या मांडीवर टाकते. यात कुणाला काही वेगळं वाटल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

नवरीच्या हातात चुडा भरताना अम्मीच्या हातून कधी बांगडी वाढली नव्हती. फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. हा तिचा एकुलता एक गर्व. बाकी ती साधी बाई आहे.

मी मात्र या धंद्यात नाही. मी वरच्या खोलीत बसून जपानी कार्टूनचे हात काढते. म्हणजे तोंडं, पाय, छत्र्या, उडणारे पडदे असं सगळंच काढते, पण माझी ओळख हातांची. पुण्यातला एक स्टुडिओ जपानहून तुकड्यातुकड्यांत काम आणतो आणि आमच्यासारख्यांना वाटतो. माझ्या वाट्याला रोटोस्कोपिंग येतं. आधी खऱ्या माणसाचं चित्रीकरण करायचं, मग त्याची एकेक फ्रेम पडद्यावर घेऊन तिच्यावरून रेघ ओढायची. शेजारच्या मंदाकाकूंना हे समजावून सांगताना मी शाळेतल्या नकाशाचं उदाहरण दिलं. खिडकीच्या काचेला नकाशा लावायचा, वर कोरा कागद धरायचा आणि किनारपट्टी गिरवायची, आपण सगळ्यांनी केलंय ते.

"मंजी तू कार्टून छापती व्हय?" काकू म्हणाल्या. "मला वाटलं काढती."

धंद्यातले कर्मठ लोकही थोडंफार असंच म्हणतात, फक्त चांगल्या शब्दांत. त्यांच्या मते गिरवणं ही चोरवाट. खरा चित्रकार हालचाल डोक्यातून काढतो. आणि ॲनिमेवाले, म्हणजे हे जपानी कार्टूनवाले, मोठे काटकसरी. सेकंदाला चोवीस फ्रेम असल्या तरी तेवढी चित्रं ते काढत नाहीत. एकच चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, कधी तीन. माणूस नुसता उभा असेल तर त्याला तसाच उभा ठेवून फक्त केस हलवतात. मधली जागा पाहणाऱ्याचा डोळा भरून काढतो. अशा जगात रोटोस्कोपिंगचा माणूस शिरला की तो पाहुण्यासारखा वेगळा दिसतो. त्याच्या अंगाला वजन असतं. तो उभ्या उभ्या एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतो, उगीच मान खाजवतो. कुणी चित्रकार डोक्यातून हे काढणार नाही, कारण गोष्टीला त्याची गरज नसते. मला या कामात आवडतं ते हेच, गरज नसलेलं. आणि मी ज्याबद्दल सांगतेय ते सगळं या आवडीच्या अगदी उलट घडलं.

गेल्याच्या गेल्या वर्षीचा हंगाम. कार्तिक संपत आला होता आणि पुण्याहून एक तुकडा आला. कुठल्याशा दूरच्या बाजारपेठेची गोष्ट होती आणि तिच्यात अकरा सेकंद दोन हात दिसायचे होते. म्हातारे हात एका तरुण हातात काचेच्या बांगड्या भरताहेत, बस. चेहरा नाही, बोलणं नाही. जपानी दिग्दर्शकाच्या त्यावर पानभर सूचना होत्या. पुण्यातल्या आमच्या सुपरवायझर बाई फोनवर हसल्या. "रेश्मा, हे काम तुझ्यासाठीच जन्माला आलंय. चित्रीकरणाला लांब कशाला जायचं?"

मला वाटलं अम्मी नाही म्हणेल. फोटो काढायचा म्हटलं तरी पदर ओढून घेणारी बाई ती. पण मी विचारलं आणि ती लगेच म्हणाली, "घे की. परवा डिंगोऱ्याला चुडा हाय. तितंच घे." मला तेव्हा नवल वाटलं होतं. नवल वाटून मी पुढच्या कामाला लागले.

डिंगोऱ्याची नवरी पूजा, नर्सिंगचं शिकलेली. ओसरीवर सतरंजी टाकलेली, समोर शेवंतीचं वावर, कडेला कांद्याची रोपं. सगळ्या बायकांना आपण जपानला दिसणार याचा भलताच आनंद झाला होता. पूजाची आत्या तर साडी बदलून आली.

"फकस्त हात दिसणारेत, आत्या," पूजा म्हणाली.

"असंना का. पाटल्या तरी दिसतील," आत्या म्हणाली आणि अम्मीच्या मागे येऊन बसली.

मी खोक्यांची चळत रचून तिच्यावर फोन टेकवला. अम्मीने पूजाच्या हाताकडे एकदा पाहिलं आणि न मोजता माप काढलं. मग तिचा अंगठा तळहातात दुमडला, चारही बोटं एकमेकांत दाबली, अंगठ्याखालचा उंचवटा आपल्या बोटांनी मऊ केला. साबण ती लावत नाही. साबण लावणाऱ्यांना ती बांगड्या विकणारे म्हणते, भरणारे म्हणत नाही.

सुरू करण्याआधी ती माझ्याकडे वळून म्हणाली, "जवळून घे गं. आन् नीट बघ."

"बघतेय, अम्मी."

"मोबाइलमदी न्हाई. हाताकडं बघ."

मी मान डोलावली आणि मोबाइलमध्ये पाहत राहिले. उजेड कुठून येतोय, सावली कुठे पडतेय, चौकटीत आत्याच्या पाटल्या तर येत नाहीत ना, हे पाहायचं होतं. एका बांगडीनंतर दुसरी उचलायच्या आधी अम्मीचा उजवा हात क्षणभर तिच्या गुडघ्यावर टेकायचा. पूर्वी तो असा टेकत नसे. पूर्वी तो सरळ पेटीकडे जायचा. हे मी आज लिहितेय. त्या दिवशी मला तो छान ठहराव वाटला होता, दिग्दर्शकाला आवडेल असा.

सातवी की आठवी बांगडी पूजाच्या हातावर चढताना वाढली.

पूजाच्या मनगटाला बारीकसा ओरखडा आला होता. आत्याने पटकन काचा गोळा केल्या आणि म्हणाली, "वाढली गं बाई, वाढली. चांगलंच असतंय." बाकीच्या बायकांनीही माना हलवल्या. अम्मीने पूजाच्या मनगटावर फुंकर घातली. "काच कच्ची हाय औंदा," ती म्हणाली. "माल नीट न्हाई आला."

तो माल चार दिवसांपूर्वी तिने स्वतः कानाला लावून वाजवला होता. मी जिन्यात बसून तिला तसं करताना पाहिलं होतं. तरीही मला ते उत्तर पटलं, कारण पटवून घेणं सोपं होतं.

मग पुढचे तीन आठवडे मी माझ्या आईच्या हातांखेरीज दुसरं काही पाहिलं नाही. हे मी शब्दशः म्हणतेय. सकाळी वर गेलं की पडद्यावर तिचा अंगठा, एका पपईएवढा मोठा. नखाशेजारची जुनी कापल्याची खूण. मनगटावरची शीर. दोन फ्रेमला एक असं धरलं तरी सव्वाशेच्या वर चित्रं होती आणि प्रत्येक चित्रात तिची दहा बोटं. खाली अम्मी आवाज देऊन विचारायची, "झाला का माझा हात?" मी वरून सांगायचे, "मनगटापर्यंत आलेय."

बांगड्या मला काढायच्या नव्हत्या. फिरत्या काचेची प्रत्येक गोलाई हाताने काढायची तर माणूस वेडा होईल. म्हणून बांगड्या पुण्यात कॉम्प्युटरवर तयार झाल्या. तिथे आधी बांगडीचा सगळीकडून गोल असा साचा बनवतात, तो हवा तसा फिरवतात आणि मग त्यावर चित्रातल्यासारखा सपाट रंग चढवतात, म्हणजे हाताने काढल्याचा भास होतो. पहिल्या खेपेला आलेल्या बांगड्या चक्क हाताच्या आरपार जात होत्या. कॉम्प्युटरला हाड कुठे आहे ते सांगावं लागतं, ते सांगायचं राहून गेलं होतं. मी अम्मीला वर बोलावून ते दाखवलं. ती एवढी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं.

"अशी बांगडी मला पायजे व्हती," ती म्हणाली. "जलमात एकबी वाढली नसती."

हसताना तिने उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला होता. तिच्या हातांची सव्वाशे चित्रं माझ्या समोरच्या पडद्यावर होती आणि खरे हात माझ्या खांद्याशी होते.

रोटोस्कोपिंगमध्ये एक दोष हटकून येतो. प्रत्येक चित्र वेगळं गिरवलेलं असल्यामुळे रेघ दरवेळी सुतभर इकडेतिकडे पडते, आणि चित्रं एकामागून एक चालवली की ती रेघ थरथरते. आमच्यात याला रेघ उकळणं म्हणतात. नवशिक्यांची रेघ उकळते, माझी सहसा उकळत नाही. पण मी पहिली खेप पाठवली आणि सुपरवायझर बाईंचा निरोप आला: बाकी उत्तम, फक्त उजव्या हाताची रेघ उकळतेय, विशेषतः तो गुडघ्यावर टेकतो तिथे, तेवढी साफ कर.

मला थोडा राग आला, माझाच. इतकी वर्षं काम करून ही चूक. मी चित्रीकरण पुन्हा पाहिलं. त्यातही तो हात किंचित हलत होता. मी ठरवलं की खोक्यांची चळत हलली असणार, फोन हलला असणार. म्हणून आधी यंत्राकडून चित्रीकरणच स्थिर करून घेतलं आणि मग बसून त्या अंगठ्याची प्रत्येक रेघ जागेवर आणली. अंगठा तर्जनीवर घासल्यासारखा पुढेमागे होत होता. दोन टोकांची मधली जागा घ्यायची आणि सगळीकडे तीच ठेवायची, अशी युक्ती असते. मी ती नीट केली. मन लावून केली.

फोन हलला असता तर पूजाचा हातही हलायला हवा होता. तो प्रत्येक चित्रात जागच्या जागी होता. तो हातही मीच गिरवला होता.

काम मंजूर झालं. जपानहून दोन ओळींचं कौतुक आलं की हातांत फार शांती आहे. मी ते अम्मीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "शांती म्हनाले?" मी म्हटलं हो. ती कणीक मळायला बसली.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी ती मालिका फोनवर आली. दुपारची वेळ होती, हंगाम ओसरला होता, खोकी रिकामी पडली होती. मी अम्मीला तिचे अकरा सेकंद दाखवले. हिरव्या बांगड्या उन्हात चमकल्या, मनगटावरून एकापाठोपाठ एक चढल्या, आणि मधे मधे तो हात गुडघ्यावर टेकला, डोहातल्या पाण्यासारखा स्थिर. तिने दोनदा पाहिलं.

"लई सुरेख हायेत," ती म्हणाली. "कुनाचे हात?"

"अम्मी, तुझेच."

"माझे न्हाईत."

मला वाटलं ती चेष्टा करतेय. मग तिने पदराखालून उजवा हात काढला आणि आमच्या दोघींच्या मधे फरशीवर ठेवला. तो तिथे पडून राहिला आणि त्याचा अंगठा तर्जनीवर घासत राहिला, पुढेमागे, पुढेमागे. ती त्याला थांबवत नव्हती. आधी ती थांबवायची, हे मला त्या वेळी कळलं.

"कवापासनं?"

"डिंगोऱ्याच्या आदीपासनं. बकरी ईदच्या आसपास पयल्यांदा."

"मग सांगितलं का नाही?"

घरात आमची बोली अर्धी दख्खनी, अर्धी मराठी, पण मनातलं बोलायचं असलं की अम्मी मराठीत बोलते, कारण तिचा जन्म गिऱ्हाइकांशी मराठीत बोलण्यात गेलाय.

"कसं सांगायचं? मनियारनीचा हात हालतो म्हनून सांगायचं?" ती म्हणाली. "तू हात बघायचं काम करती. म्हनून मी म्हनलं घे. मला वाटलं, चित्रं काढता काढता तुला दिसंल."

नारायणगावच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. लवकर दाखवायला आणलं असतं तर बरं झालं असतं, असं ते म्हणाले. गोळ्यांनी बराच फरक पडेल असंही म्हणाले, आणि तो पडलाही. हे सगळं मी शांतपणे सांगू शकते. सवयीने मी गोष्टींकडे थोडं लांबूनच पाहते, कामाने ती सवय पक्की केली. पण एक मला लांबून बघता येत नाही. लोक म्हणतात, घाईत होतो म्हणून लक्ष गेलं नाही. मला तीही सोय नाही. मी एक सेकंद दोन-दोन दिवस पाहिला. तिचा आजार मी स्वतःच्या हाताने पडद्यावर उतरवला, सव्वाशे वेळा, आणि मग माझीच चूक समजून पुसला. अम्मीला मी हे सांगितलंय, तरी मला याची लाज वाटते. अजून वाटते.

आता स्टुडिओत मधली चित्रं कॉम्प्युटरच भरतो. दोन टोकं द्या, तो मधलं सगळं गुळगुळीत करून देतो. नवी मुलं खूश आहेत. मी त्यांना काही उपदेश करत नाही, करायला तोंडही नाही. फक्त कुणाची रेघ उकळत असेल तर मी आधी मूळ चित्रीकरण मागवते आणि शेजारचं काय हलत नाहीये ते पाहते.

यंदाचा पहिला चुडा महाळुंगे पडवळचा. परवा आम्ही दोघी गेलो. पेटी माझ्या हातात होती. सतरंजीवर अम्मी नेहमीच्या जागी बसली, पण नवरीसमोर मी. अम्मीने लांबूनच हात पाहून माप सांगितलं. मी अंगठा दुमडला. माझ्या बोटांना ती वाट ठाऊक होती. कुठे दाबायचं, कुठे सोडायचं, कुठल्या क्षणी बांगडी तिरपी करायची, हे मी तीन आठवडे गिरवलेलं होतं. तरी तिसऱ्या बांगडीला मी अडले. "दमानं," अम्मी मागून म्हणाली. "हाड तुला वाट दील. ढकलू नगं." बांगडी चढली. एकही वाढली नाही. शेवटी नवरी वाकली ती माझ्या पायांशी. मी तिला तसंच अम्मीकडे वळवलं. अम्मीने डावा हात डोक्यावर ठेवून आशीर्वाद दिला.

घरी आल्यावर तिने नारळ खाली ठेवला आणि चहा न पिताच जिना चढून वर आली. बऱ्याच दिवसांनी आली होती.

"ते पयलं हाय का गं? पुसायच्या आदीचं?"

होतं. आमच्या कामात पुसलेलं खरं तर पुसलं जात नाही. पहिली रेघ खालच्या थरात तशीच राहते, फक्त त्या थरापुढचं डोळ्याचं चिन्ह मिटलं की ती दिसत नाही. मी तो थर उघडला. बांगड्या नव्हत्या, रंग नव्हता, नुसते कच्च्या निळ्या रेघेचे दोन हात. उजवा हात हवेतलं काही उचलायचा, पूजाच्या मनगटावर चढवायचा, गुडघ्यावर टेकायचा आणि टेकला की थरथरायचा. खुर्चीत अम्मीचा हात मांडीवर होता, तोही तसाच.

चित्र संपलं. 

"हां," ती म्हणाली. "ही मी." आणि मग, रागाने नाही, खरोखर जाणून घ्यायचं होतं म्हणून विचारल्यासारखं, "हे का न्हाई धाडलंस?"

उत्तराची वाट न पाहता तिने पुढे होऊन स्वतःच बटण दाबलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.